दुभाषी नको

सोमवार, ४ फेब्रुवारी

घसा बसून दोन महिने होत आले. हट्टी जावईसुद्धा इतके दिवस बसून राहत नाही.

या घशावर आमचं घर चाललं, असं म्हणायला हरकत नाही. मायदेशी असताना साप्ताहिकात दर आठवड्याला लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि छापता न येण्यासारख्या उरतील त्या घरी जेवताना सांगायच्या. दीड वर्षापूर्वी बायकोला इथे नोकरी लागली. तेव्हापासून ती आमच्या घरचे साहेब आणि मी साहेबांच्या मागून आलेलं सामान. साहेब सध्या दोन महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात आहेत, कंपनीची नवी प्रयोगशाळा उभी करायला. मी सकाळी वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालतो. तिथे भाषा लागत नाही. चादरीला कोपरे सगळीकडे चारच असतात. तिथल्या वाफेनेच घसा धरला असणार, हे माझं निदान.

डॉक्टरांचं निदान घ्यायला आज टिटवीला बरोबर घेऊन रुग्णालयात गेलो. टिटवी म्हणजे आमची मुलगी, वय तेरा. पाळण्यात होती तेव्हा अख्खी आळी उठवायची म्हणून माझ्या वडिलांनी ठेवलेलं नाव. आई म्हणाली, कसलं अशुभ नाव. वडील म्हणाले, टिटवीसुद्धा समुद्र आटवते, असू दे. या टिटवीने इथली भाषा अशी गिळली आहे की झोपेतसुद्धा त्याच भाषेत भांडते. मी भाषावर्गात पहिल्याच इयत्तेला दोनदा बसलो आणि ‘हे टेबल आहे’ इथवर पोचलो.

खिडकीतल्या बाईने कागद पुढे सरकवला. टिटवीने वाचून सांगितलं, दुभाषी हवा का विचारतायत, फुकट असतो. मी म्हटलं, नको. इथे आपली भाषा बोलणारी माणसं दोनेकशे. त्यांच्यातलाच कोणीतरी दुभाषी म्हणून येणार आणि रविवारच्या मंडळात माझा घसा चहाबरोबर फिरणार. मागे एकाच्या मूळव्याधीचं असंच झालं, बिचारा अजून सगळे कार्यक्रम उभ्यानेच बघतो.

बाई म्हणाली, घरचं माणूस चालेल, पण सोळा पूर्ण हवीत. टिटवी माझ्या खांद्याला लागते. मी तिला हळूच म्हटलं, “सोळा सांग.”

तिने सांगितलं. मी सही केली.

बाहेर आल्यावर म्हणाली, “बाबा, खोटं बोलायचं नाही असं तूच म्हणतोस.”

“खोटं नाही ते. आगाऊ आहे. तीन वर्षांनी खरं होईल.”

आजपासून ही वही. बोलायची बंदी झाली तर निदान लिहावं. कुलूप लावायची गरज नाही. माझं अक्षर साप्ताहिकातल्या खिळे जुळवणाऱ्यालाही लागायचं नाही, आणि टिटवीला मराठी वाचताना अजून प्रत्येक जोडाक्षराला ठेच लागते.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

नाकातून नळी घालून घसा बघितला, मग गुंगीचं औषध देऊन आतला एक तुकडा काढला. तपासायला आठवडा लागेल म्हणे. येताना बसमध्ये टिटवी खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली. तिला हसवावं म्हणून म्हटलं, “काही वाईट निघालं तर मला सांगू नकोस हं. आमच्या घराण्यात माणसं आजाराने मरत नाहीत, बातमीने मरतात.”

ती हसली नाही. तेराव्या वर्षी बापाचे विनोद शिळे होतात, हे मान्य.

पण त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या पोटातलं दुखणं कळलं तेव्हा आम्ही ते त्यांना कळू दिलं नाही. आई, भाऊ, मी आणि डॉक्टर, सगळ्यांनी मिळून त्याला ‘अल्सर’ म्हणायचं ठरवलं. टिटवी दहा वर्षांची. तिला स्वयंपाकघरात नेऊन मीच पढवलं: आजोबांसमोर रडायचं नाही, त्यांनी विचारलं तर अल्सर म्हणायचं, आणि हसून म्हणायचं. पोरीने इतकं बेमालूम केलं की भाऊ म्हणाला, ही नाटकात नाव काढणार.

वडील शेवटी जरा विक्षिप्त झाले होते. हातातलं घड्याळ, सैल होतंय म्हणून, माझ्या मनगटावर चढवलं. आईला बँकेत नेऊन सही गिरवायला लावली. वयाने माणूस असा होतो. पण अखेरपर्यंत त्यांना कळलं नाही. आमच्या घराण्यात हे मोठं यश मानलं जातं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

निकाल लागला. सूज.

डॉक्टरीणबाई किडकिडीत, टेबलावरचं पेन दर वाक्यानंतर सरळ करून ठेवणाऱ्या. बराच वेळ बोलल्या. एक शब्द तीनदा आला म्हणून माझ्या लक्षात राहिला. बोलता बोलता त्यांनी आपला हात टिटवीच्या हाताजवळ नेऊन ठेवला, हाताला लागेल न लागेल असा. टिटवीने मला न विचारता त्यांना दोन प्रश्न विचारले.

मी म्हटलं, “काय म्हणतायत?”

“सूज आहे. आवाजाच्या पडद्यांवर. गोळ्या देणार आहेत.”

“अर्धा तास बोलल्या की.”

“इथल्या भाषेत वाक्यं लांब असतात, बाबा.”

डॉक्टरीणबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आपणही काहीतरी बोलावं म्हणून मला येणाऱ्या तीन वाक्यांतलं सर्वात चांगलं वाक्य म्हटलं: “फार छान. आभारी आहे.” बाईंचा चेहरा असा झाला की जणू मी टेबलावर चढून नाचलो. इथल्या लोकांना चांगलं वागलेलंही चालत नाही.

नंतर टिटवी स्वच्छतागृहात गेली ती वीस मिनिटं आलीच नाही. तोवर मी आग विझवण्याच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचल्या, म्हणजे चित्रं बघितली. आली तेव्हा पुढचे केस ओले होते. म्हटलं, आंघोळ करून आलीस की काय? म्हणाली, उकडत होतं. बाहेर लोक कोट घालून फिरत होते.

साहेबांना फोन करून सांगितलं, सूज. त्यांनी टिटवीला विचारून खात्री करून घेतली. आमच्या घरात आता तिच्या शब्दावर शिक्का असतो.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

टिटवीचा मिठू झाला आहे. हाक मारली की येते. दूध पिते. आठवडाभरात एकदाही दार आपटलं नाही. माझ्या आधी उठून चहा ठेवते, तोही पिण्यासारखा. वाढत्या वयात मुली बिघडतात असं ऐकून होतो, आमची सुधारते आहे. कोणाची दृष्ट न लागो.

शाळेत आवाजावर काहीतरी प्रकल्प आहे म्हणे. म्हणून फोन घेऊन माझ्यामागे फिरते. मी शिंकलो, घेतलं. “अगं ए टिटवे, मोजे उचल” म्हटलं, घेतलं. म्हणाली, अजून एकदा ओरड. म्हटलं, या फाटक्या भोंग्याचं काय घेतेस, बरा झालो की खणखणीत घे. म्हणाली, नाही, आत्ताच हवाय.

सोमवार, २५ फेब्रुवारी

टपालपेटीची किल्ली तिने आपल्या दप्तराला अडकवली आहे. आपल्याला काय, पत्रं वाचणारी तीच. आज तिच्या गणिताच्या वहीतून रुग्णालयाचा लांब लिफाफा डोकावताना दिसला. विचारलं तर म्हणाली, रुग्णालय स्वच्छ होतं का, असं विचारतायत. मी म्हटलं, स्वच्छ होतं म्हणून कळव. काय देश आहे! आपल्याकडे माणूस जगला की मेला हेही कोणी कळवत नाही.

फोनही येतो त्यांचा. ती गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन बोलते. काचेतून बघितलं तर सोळाच काय, सव्वीसची वाटली.

शनिवार, २ मार्च

साहेबांचा फोन. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, हा तर आणखी उतरलाय, मी येऊन जाते. मी म्हटलं, सूज बघायला एवढा प्रवास? काम पुरं करून या. मग टिटवीने फोन घेतला. आई, तू कधी येणार, असं तीनदा विचारलं. साहेबांनी विचारलं असावं, का गं, काय झालं? टिटवी माझ्याकडे बघून म्हणाली, “काही नाही. सहज.”

शनिवार, ९ मार्च

आज धुलाईघरात चादर झटकताना ठसका लागला. पांढऱ्याशुभ्र चादरीवर लाल ठिपका, टिकलीएवढा. दुसऱ्या टोकाला मुकादमीण होती. आम्ही दोघं रोज समोरासमोर उभे राहून घड्या घालतो, टोकाला टोक भिडवतो, आणि दीड वर्षात एकमेकांशी दहा शब्द बोललेलो नाही. तिने ठिपक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चादर माझ्या हातातून हळूच ओढून घेतली आणि वेगळ्या टोपलीत टाकली. नंतर गरम पाण्याचा पेला आणून दिला.

रुमालही खराब झाला. खिशात कोंबून आणला आणि धुवायच्या कपड्यांत खाली दडपला. टिटवीला यातलं काही सांगितलं नाही. पोरीच्या जिवाला कशाला घोर.

गुरुवार, १४ मार्च

शाळेतून बोलावणं आलं. बाईंच्या समोर मी, बाजूला टिटवी. बाई माझ्याशी बोलायच्या आणि टिटवी भाषांतर करायची. आरोपीनेच सरकारी वकील व्हावं, तसा थाट.

बाई बऱ्याच बोलल्या. टिटवी म्हणाली, “मी वर्गात झोपते, असं म्हणतायत.” आणखी बोलल्या. “डबा परत नेते, असं म्हणतायत.” मग बाईंनी सरळ मलाच काहीतरी विचारलं, थांबून थांबून, लहान मुलाला विचारतात तसं. टिटवीने दप्तर मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, “घरी सगळं ठीक आहे ना, विचारतायत.”

मी अंगठा वर केला. फार छान.

रस्त्यात तिला झापलं. घसा नाही, पण जिभेला अजून धार आहे. म्हटलं, आई-बाप परक्या देशात हाडाची काडं करतायत आणि तू वर्गात घोरतेस? “तुझ्या डोक्यावर काय संसार पडलाय का?”

ती चालता चालता थांबली.

“नाही, बाबा,” म्हणाली.

बुधवार, २० मार्च

शुक्रवारी रुग्णालयात जायचं आहे, गोळ्या बदलायला. टिटवीने माझा शर्ट धुऊन इस्त्री करून खुर्चीवर टांगला आहे, दोन दिवस आधी. गोळ्या बदलायला एवढं नटायचं?

आज भात गिळतानाही दुखलं. ती समोर बसून माझ्या घशाकडे बघत होती. एकदम म्हणाली, “बाबा, मी भाषांतर चांगलं करते का रे?”

म्हटलं, “तुझ्यासारखा दुभाषी राजालासुद्धा मिळायचा नाही.”

ताट तसंच टाकून आत गेली. कौतुकही सोसत नाही या वयात.

शुक्रवार, २२ मार्च

जसं झालं तसं लिहितो.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर फोन होता, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा लावलेला. त्यातून बाई बोलली, आपल्या भाषेत. “नमस्कार. मी दुभाषी. तुमचं नाव मला दिलेलं नाही आणि मी कुठून बोलते ते मला सांगता येत नाही. डॉक्टर बोलतील तसंच्या तसं मी सांगेन.”

मी टिटवीकडे बघितलं. ती बुटांकडे बघत होती.

डॉक्टर बोलायच्या आणि मग फोनमधली बाई स्वतःच डॉक्टर असल्यासारखी ‘मी’ म्हणून सांगायची. तुमच्या स्वरयंत्रात कर्करोग आहे. हे मी पंधरा फेब्रुवारीला सांगितलं. त्या वेळी लगेच किरणांचे उपचार सुरू केले असते तर आवाज वाचण्याची शक्यता बरीच होती. मी दोन तारखा दिल्या. दोन्ही वेळा तुमच्याकडून निरोप आला की विचार करतोय. आता गाठ वाढली आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल असं मला वाटतं, खात्री देत नाही.

मधेच तो तीनदा आलेला शब्द आला. तो ‘सूज’ नव्हता.

बाईंनी पेन सरळ केलं. फोन म्हणाला, “तुमच्या मुलीने परवा मला फोन करून दुभाषी मागितला. म्हणाली, याच्यासाठी माझी भाषा पुरत नाही. मला विचारायचं आहे, तिने तुम्हाला त्या दिवशी सांगितलं होतं का?”

टिटवीने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते. लहानपणी इंजेक्शन घेताना घ्यायची तसे.

मी म्हटलं, “सांगितलं होतं. त्याच दिवशी, सगळंच्या सगळं. मीच म्हटलं, थांबू या.”

तिने मान वर केली. मग फोनमधल्या बाईने तेच इथल्या भाषेत सांगितलं, आणि टिटवीने तेही ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

बसथांब्यावर बसलो. बस आली, उठलो नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “तूच म्हणाला होतास, वाईट निघालं तर सांगू नकोस.”

“गंमत केली होती मी.”

“मला काय माहीत?”

खरंच, तिला काय माहीत. आयुष्यभर मी गंमत कुठे संपते ते कोणाला सांगितलं नाही.

“निदान आईला सांगायचंस.”

“आईने तुला सांगितलंच असतं. तिला लपवता येत नाही.” नाक पुसलं. “मला वाटलं, गोळ्यांनी थोडं तरी बरं होईल. मग मी हळूहळू सांगणार होते. मग तुझा रुमाल सापडला.”

आणखी एक बस गेली. मग ती जे बोलली ते मी इथे तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मला त्यात सुधारणा करता येत नाही.

“आजोबांना माहीत होतं, बाबा. त्यांनी मला विचारलं, अल्सरच ना गं? मी हसून हो म्हटलं. ते म्हणाले, छान पाठ केलंस. मग म्हणाले, मला कळलंय हे तुझ्या बाबाला सांगू नकोस. तो बोलतो फार, पण त्याला झेपत नाही.”

माझ्या मनगटावर त्यांचं घड्याळ आहे. तिसऱ्या बसने घरी आलो.

मंगळवार, २६ मार्च

साहेब परवा आल्या. त्यांना मी सगळं सांगितलं, एक सोडून. काल भांडी लावता लावता म्हणाल्या, “पाच आठवडे? पाच आठवडे तू विचार करत होतास? आणि माझ्याशी फोनवर सूज, सूज? पोरीलाही तेच पढवलंस?” मग वडिलांपासून सुरू करून माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. एकही शब्द चुकीचा नव्हता, फक्त पत्ता चुकला होता. टिटवी दारात येऊन तोंड उघडणार, तेवढ्यात मी डोळे वटारले. ती परत गेली.

घरात लपवालपवी बंद करायची असं मी ठरवलं आहे. एवढं एकच खोटं शेवटचं. दारुडाही असंच म्हणतो, हे मला माहीत आहे. मोठी झाल्यावर तिने वाटल्यास आईला सांगावं. पाच आठवड्यांनी नक्की काय गेलं हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता यायचं नाही, हेही मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पटलं असं दिसलं नाही.

उद्या भरती व्हायचं आहे, त्याचे कागद आज आले. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिघं बसलो. दुभाषी हवा का, इथे मी स्वतः ‘हो’ केलं. पुढे एक रांग होती: प्रकृतीबद्दलची माहिती कोणाला द्यावी? टिटवीने वाचून दाखवलं आणि पेन धरून थांबली. मी सांगितलं, लिही: आधी मला. मग माझ्या बायकोला. मुलीला मी स्वतः सांगेन.

तिने ते इथल्या भाषेत लिहिलं, शेवटच्या वाक्यावर थांबली आणि वर बघितलं.

“तू कसा सांगणार? आवाज नसणार ना तुला.”

मी ही वही पुढे केली. तिने मधलं एक पान उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, उलटं धरून बघितलं.

“बाबा, हे मराठी आहे?”

साहेब हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा. मग हात धुवायच्या निमित्ताने उठून गेल्या.

म्हणून आता सराव. मोठं अक्षर, सुटं सुटं, जोडाक्षर शक्यतो नको. वहीचं हे पान तिच्या टेबलावर उघडं ठेवणार आहे.

टिटवे,
सकाळी सात वाजता निघायचं. आई पण येणार. चहा तू करू नकोस, मी करेन. डबा खा.
तुझी काही चूक नाही. माझी होती.
खिडकीपाशी कोणी वय विचारलं तर सोळा नको सांगूस.
तेरा सांग.